युद्धकालीन जपानमधील व्यावसायिक गो-खेळाडू : एका वृत्तीचा आश्रय आणि तिचे सातत्य

१. विषयाची मर्यादा

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथून १८ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी प्रत्येक जपानी माणसास उद्देशून एक पत्र लिहिले व ते ‘हरिजन’ पत्रातून प्रसिद्ध झाले. जपानने युद्धात उडी घेतल्यावर आश्रमातून एका जपानी भिक्षूस पोलिसांनी नेले होते. त्याची सस्नेह आठवण त्या पत्रात आहे. जपानचे सरकार व जपानी माणूस हे दोन वेगळे पदार्थ आहेत, ही जाणीव त्या पत्राच्या मुळाशी आहे. युद्धाचे इतिहास मात्र बहुधा राष्ट्रांच्या नावाने लिहिले जातात. ‘जपानने ठरविले’, ‘जपानने आक्रमण केले’ अशा वाक्यांत त्या देशातील निरनिराळ्या वृत्तींवर जगणारी माणसे लोपून जातात. ज्या वृत्तीचा युद्धाला काडीमात्र उपयोग नव्हता अशा एका लहान वर्गाचा, म्हणजे ‘गो’ या खेळावर उपजीविका करणाऱ्या खेळाडूंचा, १९३७ ते १९४६ या काळातील इतिहास पाहणे या दृष्टीने उद्बोधक आहे.

या इतिहासातील एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा त्या शहराच्या सीमेपलीकडे दोन खेळाडू पटावर बसले होते, आणि स्फोटानंतर त्यांनी तो डाव पुरा केला. हा प्रसंग खरा आहे. परंतु तो केवळ खेळावरील अलौकिक निष्ठेची कथा म्हणून सांगितला म्हणजे त्याचा अर्थ हरवतो. तो डाव त्या दिवशी का मांडला गेला होता, हे समजण्यासाठी त्यापूर्वीच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे.

२. खेळाचे स्वरूप

गो हा मूळचा चिनी खेळ असून तो फार प्राचीन काळी जपानात आला. पटावर उभ्या एकोणीस व आडव्या एकोणीस रेषा असतात आणि त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या व पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने मांडल्या जातात. बुद्धिबळात मोहरी सरकतात, परंतु येथे एकदा मांडलेली सोंगटी जागची हलत नाही. चारी बाजूंनी वेढली गेली तरच ती उचलली जाते. अखेरीस ज्याने अधिक क्षेत्र वेढले तो विजयी. राजा नाही, वजीर नाही, सर्व सोंगट्या सारख्या मोलाच्या. नियम इतके थोडे असूनही डावांची विविधता अपार आहे.

या खेळाचे एक लक्षण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सोंगट्या ज्या क्रमाने मांडल्या गेल्या तो क्रम आकड्यांनी एका आकृतीत नोंदविला की संपूर्ण डाव एका लहानशा चौकोनात सामावतो. अशी नोंद छापता येते आणि घरी बसून पुन्हा मांडूनही पाहता येते. गायकाची मैफल किंवा मल्लाची कुस्ती त्या काळी अशी छापता येत नव्हती. गो-खेळाडूंच्या वृत्तीचे पुढील भवितव्य बहुतांशी या एका गोष्टीने ठरविले.

३. राजाश्रयाचा अंत

सतराव्या शतकापासून तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने गो-विद्येच्या होनिन्बो, इनोउए, यासुई व हायाशी या चार घराण्यांना नेमणुका बांधून दिल्या होत्या. या घराण्यांचे खेळाडू दरवर्षी शोगुनाच्या किल्ल्यात खेळत. घराण्याचा वारसा रक्ताच्या नात्याने चालत नसे. प्रमुखाने आपल्या शिष्यांतून अधिकारी पुरुष निवडून त्यास वारस करावे, अशी रीत होती. मराठी वाचकास वतन व गुरुपरंपरा या दोहोंचे मिश्रण येथे दिसेल : उत्पन्न वतनासारखे शाश्वत, परंतु उत्तराधिकार संगीतातील घराण्याप्रमाणे विद्येवर आधारलेला. खेळांना दरबारी आश्रय मिळणे महाराष्ट्रासही अपरिचित नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बुद्धिबळाचे डाव एका शास्त्र्याने ग्रंथबद्ध केले व १८१४ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर मुंबईस छापले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी मल्लविद्येस व संगीतास दिलेला आश्रय तर सर्वश्रुत आहे.

१८६८ च्या सत्तांतराबरोबर शोगुनशाही संपली आणि चारही घराण्यांच्या नेमणुका बुडाल्या. वतन गेले, विद्या राहिली. अशा वेळी कलावंताने काय करावे, हा प्रश्न संस्थाने विलीन झाल्यावर आपल्याकडील गवयांपुढे व मल्लांपुढेही उभा राहिला. जपानी गो-खेळाडूंना तो ऐंशी वर्षे आधी पडला.

४. वृत्तपत्राचा आश्रय

या प्रश्नाचे उत्तर वृत्तपत्रांनी दिले. डावाची नोंद हप्त्याहप्त्याने छापली, तिच्यावर टिप्पणी दिली, तर वाचक दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहतो, हे संपादकांच्या लवकरच ध्यानात आले. १९२३ च्या भूकंपानंतर विस्कळित झालेले बहुतेक खेळाडू १९२४ मध्ये बॅरन ओकुरा किशिचिरो यांच्या द्रव्यसाहाय्याने स्थापन झालेल्या ‘निहोन किइन’ या संस्थेत एकत्र आले. १९२६ मध्ये ‘योमिउरी’ पत्राने होनिन्बो शूसाई आणि प्रतिस्पर्धी गटाचे कारिगाने जुनइची यांचा सामना घडवून आणला आणि त्या पत्राचा खप झपाट्याने वाढला. यानंतर खेळाडूच्या उपजीविकेचा मुख्य आधार डावाची प्रसिद्धी हा झाला. शोगुनाच्या जागी वाचक आला.

या नव्या व्यवस्थेतील सर्वांत तेजस्वी नाव गो सेइगेन यांचे. (त्यांच्या आडनावातील ‘गो’ व खेळाचे नाव ‘गो’ ही लिपीत भिन्न अक्षरे आहेत.) १९१४ मध्ये चीनमध्ये जन्मलेला हा मुलगा सेगोए केन्साकु यांच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये जपानात आला. १९३३ मध्ये गो सेइगेन व त्यांचे मित्र कितानी मिनोरु यांनी डावाच्या आरंभाची जुनी पद्धत मोडून एक नवी मांडणी प्रचारात आणली. त्याच वर्षी सुरू झालेला शूसाई यांच्याविरुद्धचा त्यांचा डाव संपायला जानेवारी १९३४ उजाडला. ज्येष्ठ खेळाडूने आपल्या सोयीने डाव तहकूब करावा, ही जुनी मुभा शूसाई यांनी वारंवार वापरली. मधल्या दिवसांत त्यांनी शिष्यांशी विचारविनिमय केला, असा प्रवादही उठला. डाव शूसाई यांनी दोन गुणांनी जिंकला. परंतु गुरूची प्रतिष्ठा आणि स्पर्धेची समानता या दोन तत्त्वांचे एकत्र नांदणे यापुढे कठीण आहे, हे त्यातून उघड झाले.

५. उपाधीचे रूपांतर

शूसाई हे एकविसावे होनिन्बो. आपल्यामागे शिष्याला वारस नेमण्याऐवजी त्यांनी ही उपाधी निहोन किइनच्या स्वाधीन केली आणि ‘तोक्यो निचिनिची’ व ‘ओसाका मैनिची’ या भगिनी-पत्रांच्या (१९४३ पासून ‘मैनिची’ या एकाच नावाने निघणाऱ्या) साहाय्याने ती स्पर्धेने मिळण्याची सोय झाली. सुमारे तीन शतके गुरूकडून शिष्याकडे गेलेली उपाधी आता जो जिंकेल त्याची होणार होती.

या संक्रमणाचा समारंभ म्हणजे शूसाई यांचा निवृत्तीचा डाव. २६ जून १९३८ रोजी सुरू झालेला हा डाव ४ डिसेंबरला संपला. प्रत्येक खेळाडूस चाळीस तासांची मर्यादा होती. दिवसाची अखेरची चाल गुप्तपणे कागदावर लिहून पाकिटात बंद करण्याचा नियम पाळण्यात आला, त्यामुळे तहकुबीचा लाभ कोणासच मिळू नये अशी तजवीज झाली. मध्यंतरी शूसाई यांच्या आजारामुळे डाव सुमारे तीन महिने थांबला. अखेरीस कितानी यांनी तो पाच गुणांनी जिंकला. शूसाई जानेवारी १९४० मध्ये निवर्तले. वृत्तपत्रासाठी या डावाचे वर्णन लिहिणारे कावाबाता यासुनारी यांनी पुढे त्यावर ‘मेइजिन’ ही कादंबरी रचली. एका युगाचा अस्त हा त्या कादंबरीचा स्वर आहे. संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र याच डावाने नव्या नियमाचा आरंभ झाला. घराण्याच्या अधिकाराची जागा वेळेच्या मर्यादेने व बंद पाकिटाने घेतली.

डाव सुरू झाला तेव्हा चीनशी युद्ध सुरू होऊन एक वर्ष होत आले होते आणि राष्ट्रीय संघटन कायदा नुकताच संमत झाला होता. नव्या व्यवस्थेचा पाया घातला गेला तो युद्धाच्या सावलीत, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

६. युद्धाची झळ

‘चैन हीच शत्रू’ अशी घोषणा १९४० मध्ये जपानच्या रस्त्यांवर लागली. खेळ ही चैन की संस्कृती, याचे उत्तर तोंडी देऊन भागणारे नव्हते. आरंभीच्या वर्षांत वृत्तपत्रांनी सामने चालू ठेवले. १९३९ मध्ये ‘योमिउरी’ने गो सेइगेन व कितानी यांचा दहा डावांचा सामना कामाकुरा येथे सुरू केला. अशा सामन्यात एक खेळाडू चार डावांनी मागे पडला तर पुढे दोघे बरोबरीचे मानले जात नसत. मागे पडलेल्याला दुबळ्या पक्षास मिळणारी सवलत घ्यावी लागे. विक्रेत्याच्या दृष्टीने ही चुरस होती, खेळाडूच्या दृष्टीने ती प्रतिष्ठेची व पर्यायाने उपजीविकेची बाजी होती. सहा डावांअखेर कितानी यांच्यावर ही वेळ आली. गो सेइगेन १९३६ पासून जपानचे नागरिक होते, परंतु जन्माने चिनी. ज्या देशाशी युद्ध चालू होते त्या देशात जन्मलेल्या खेळाडूने जपानी प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक हरवावे व जपानी वृत्तपत्राने ते उत्साहाने छापावे, यात विसंगती होती. पण पट तिला जागा देत होता.

१९३९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या होनिन्बो-स्पर्धेचा निकाल १९४१ मध्ये लागला. सेकियामा रिइची व कातो शिन यांचे सहा डाव तीन-तीन असे बरोबरीत सुटले आणि आधीच्या फेरीतील श्रेष्ठ क्रमामुळे सेकियामा यांना उपाधी मिळाली. अशा निकालाने कोणाचे समाधान होणे कठीण होते. तथापि निर्णय नियमाने झाला, व्यक्तीच्या इच्छेने नव्हे, हेच नव्या पद्धतीचे सार होते. १९४३ मध्ये हाशिमोतो उतारो यांनी सेकियामा यांना आव्हान दिले. दुसऱ्या डावात सेकियामा यांची प्रकृती ढासळली, ते पुढे खेळू शकले नाहीत आणि उपाधी हाशिमोतो यांच्याकडे गेली. दर दोन वर्षांनी सामना व्हावा असा क्रम असल्यामुळे तिसरा सामना १९४५ मध्ये यावयाचा होता.

त्या दोन वर्षांत नव्या व्यवस्थेचे सर्व आधार एकेक करून निखळले. कागदाच्या टंचाईमुळे १९४४ च्या मार्चपासून सायंकाळच्या आवृत्त्या बंद झाल्या आणि वर्षअखेरीस दैनिके दोन पानांवर आली. खेळाच्या सदरास तेथे जागा कोठून असणार ? तरुण खेळाडू सैन्यभरतीत ओढले गेले. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीच्या हवाई हल्ल्यात तोक्योत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली, आणि मे महिन्यातील हल्ल्यात आकासाका भागातील निहोन किइनची इमारत जळून गेली. छापणारे पत्र, वाचणारा वाचक व खेळण्याची जागा, ही वृत्तीची तिन्ही अंगे नाहीशी झाली होती.

७. हिरोशिमा

अशा स्थितीत तिसरा सामना पुढे ढकलणे सर्वांत सोपे होते. परंतु उपाधी आता वंशाची किंवा गुरूची राहिलेली नव्हती. ती केवळ नियतकालिक सामन्यावर उभी होती. घराण्याचा प्रमुख वीस वर्षे पटावर बसला नाही तरी तो प्रमुखच राहतो, स्पर्धेतून मिळणारी उपाधी मात्र स्पर्धा थांबताच संपते. शिवाय हा नियम जेमतेम सहा वर्षांचा होता आणि त्याच्यामागे सवयीचे बळ नव्हते. सामना न झाल्यास होनिन्बो-परंपरेची साखळी तुटण्याचा धोका खरा होता.

तोक्योत खेळणे अशक्य असल्याने हिरोशिमा जिल्ह्याचेच रहिवासी असलेले सेगोए केन्साकु यांनी तेथे सामन्याची व्यवस्था केली. या शहरावर तोवर मोठा हल्ला झालेला नव्हता. विद्यमान होनिन्बो हाशिमोतो हे सेगोए यांचे शिष्य. आव्हान देणारे इवामोतो काओरु हे १९२९ मध्ये खेळ सोडून ब्राझीलला कॉफीच्या शेतीसाठी गेलेले व दोन वर्षांनी परतलेले गृहस्थ होते. शहरात खेळणे धोक्याचे आहे असे पोलीस अधिकाऱ्यांचे मत असतानाही पहिला डाव २३ ते २५ जुलै या दिवसांत शहरातच एका घरी झाला. दुसऱ्या डावासाठी मात्र खेळाडूंना शहराबाहेर पाठविण्यात आले. पश्चिमेस आठ-दहा किलोमीटरांवरील इत्सुकाइची येथे ४ ऑगस्ट रोजी तो सुरू झाला.

६ ऑगस्ट हा त्याचा तिसरा दिवस. आदल्या दिवसापर्यंतची स्थिती पटावर पुन्हा मांडली गेली होती. सव्वाआठ वाजता प्रखर प्रकाश चमकला आणि काही वेळाने प्रचंड धक्का आला. काचा फुटल्या, सोंगट्या विखुरल्या, हाशिमोतो बागेत जाऊन पडले. काय झाले ते कोणालाच कळले नाही. खोली साफ करून नोंदीवरून पट पूर्ववत मांडण्यात आला आणि त्याच दिवशी डाव संपला. पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणारे हाशिमोतो पाच गुणांनी विजयी झाले. शहरातून होरपळलेली माणसे येऊ लागली तेव्हा कोठे घटनेचे स्वरूप ध्यानात आले. पहिला डाव ज्या घरी झाला ते घर नष्ट झाले होते व त्याचा यजमान मरण पावला होता. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली असा अंदाज केला जातो.

या प्रसंगाचे वर्णन करताना दोन अतिशयोक्ती टाळल्या पाहिजेत. खेळाडूंनी बाँबची पर्वा केली नाही, असे म्हणणे चूक आहे. त्यांनी डाव पुरा केला तो अज्ञानात, आणि ते वाचले ते धैर्यामुळे नव्हे, तर खेळण्याची जागा बदलल्यामुळे. त्याचप्रमाणे, शेजारी शहर जळत असता पटावर बसणारे ते निष्ठुर होते, हा आरोपही टिकत नाही, कारण घडलेल्या गोष्टीचे मान त्या क्षणी जगात फार थोड्यांना ठाऊक होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. विखुरलेला पट पुन्हा मांडता आला तो नोंद शिल्लक होती म्हणून. जी नोंद छापल्यामुळे या वृत्तीला वृत्तपत्राचा आश्रय मिळाला, तीच नोंद आता छापण्याची शक्यता नसताना, वाचक नसताना, केवळ खेळाच्या सातत्यासाठी उपयोगी पडली.

८. युद्धानंतर

१५ ऑगस्ट रोजी शरणागतीची घोषणा झाली. तीन महिन्यांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, उरलेले डाव खेळले गेले आणि सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला. जुलै १९४६ मधील निर्णायक फेरीत इवामोतो यांनी सलग दोन डाव जिंकून उपाधी मिळविली. म्हणजे हा एकच सामना युद्धात सुरू झाला, परकीय सैन्याच्या ताब्यातील देशात चालू राहिला आणि एका वर्षाने संपला. राज्य बदलले, परंतु डावांचा अनुक्रमांक बदलला नाही.

इमारत जळाल्यावर निहोन किइनचे काम काही काळ इवामोतो यांच्या घरून चालले. १९५० मध्ये हाशिमोतो यांच्या नेतृत्वाखाली ओसाका भागातील खेळाडूंनी ‘कान्साई किइन’ ही स्वतंत्र संस्था काढली. होनिन्बो-सामना त्याच सुमारास वार्षिक झाला आणि त्या वर्षी हाशिमोतो यांनी उपाधी पुन्हा जिंकली. संस्थेत फूट पडली, तरी दोन्ही संस्थांचे खेळाडू एकाच उपाधीसाठी खेळत राहिले. कितानी यांनी हिरात्सुका येथील आपल्या घरी शिष्यांची एक थोर पिढी घडविली, गुरुगृही राहून शिकण्याची जुनी पद्धत त्यामुळे नव्या स्पर्धेच्या पोटात टिकून राहिली. इवामोतो यांनी उत्तरायुष्यात आपले द्रव्य वेचून जपानबाहेर गो-केंद्रे उभारण्यास साहाय्य केले. त्यांतील एक १९८९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे निघाले, जेथील भूमीत त्यांनी एके काळी कॉफी लावली होती.

९. निष्कर्ष

आश्रयाच्या इतिहासात सामान्यतः दोन अवस्था मानल्या जातात : राजाश्रय व लोकाश्रय. गो-खेळाडूंच्या उदाहरणात १९४५ च्या उन्हाळ्यात या दोहोंच्या पलीकडील एक अवस्था दिसते. शोगुन कधीच गेला होता, वृत्तपत्र नाममात्र उरले होते, वाचक देशोधडीला लागला होता. त्या थोड्या महिन्यांत ही वृत्ती कोणाच्याही आश्रयाने नव्हे, तर स्वतःच्या नियमाच्या आधारे जगली. सामना ठरल्या वर्षी व्हावा, डावाची नोंद राहावी, तहकूब डाव पुरा करावा, या तीन साध्या गोष्टी तिने सोडल्या नाहीत.

अर्थात केवळ नियमाच्या बळावर कोणतीही विद्या फार काळ जगू शकत नाही. युद्धानंतर वृत्तपत्रे पूर्ववत झाली नसती, तर इत्सुकाइचीचा डाव परंपरेतील शेवटचाही ठरला असता. परंतु आश्रयदाता परत येईपर्यंत देण्यासारखे काही शिल्लक राहिले, ते त्या नियमपालनामुळे. संस्थानांच्या अंतानंतर महाराष्ट्रातील ज्या कला व क्रीडा टिकल्या आणि ज्या लोपल्या, त्यांचा अभ्यास करताना आश्रय कोणी दिला याबरोबरच हेही विचारले पाहिजे : आश्रय नसताना त्या वृत्तीच्या लोकांनी आपली कोणती नोंद, कोणता क्रम व कोणता नियम जपून ठेवला होता ?